जाड भोरड्या

मामय्या, आपला गेम तयार झालाय. पाखरं उडतात, गोफण फिरते, कणसं हलतात, आणि तुम्ही म्हणत होता तसा संध्याकाळचा तांबूस रंगसुद्धा मी आभाळाला दिलाय. एकच गोष्ट ठरायची राहिली होती. पाखरांनी सगळी कणसं खाल्ली की पडद्यावर 'हरलात' असं यावं की येऊ नये. त्यावरून आपण दोघं दोन महिने भांडलो, आणि भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात. मला तुमचा थोडा रागच आला होता. शेवटी मला एकटीला ठरवावं लागलं. काय ठरवलं, ते तुम्हाला सांगायला बसलेय.

तुमचे दिवस झाले. पाहुणे गेले, बाहेरच्या खोलीतल्या सतरंज्या धुऊन झाल्या, तुमचा लेक श्रीनिवास कामावर जायला लागला. आलेल्या प्रत्येकानं तुमच्या हाताचं कौतुक केलं. नक्षी काढावी तर ह्यांनी, चादरीत एक चौकोन इकडचा तिकडे व्हायचा नाही, असं जो तो सांगत होता. मी मान हलवत होते आणि मला आपल्या गेममधल्या जाड भोरड्या आठवत होत्या. सासऱ्यांच्या फोटोसमोर बसून हसू दाबणारी सून कशी दिसत असेल, तुम्हीच बघा. अत्तम्मांनी दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांना वाटलं रडू आवरतेय. तसं तेही खरंच होतं.

लग्नानंतरची पहिली आठ वर्षं आपण दोघं किती बोललो असू? 'चहा ठेवू का' आणि 'ठेव'. घरात सगळे तेलुगू बोलायचे. सासऱ्यांना मामय्या, सासूबाईंना अत्तम्मा म्हणायचं, तेवढं मी पहिल्याच दिवशी शिकले. मी मंगळवेढ्याची, मला त्यातलं जेवणापुरतं कळायचं. तुमचं मराठी चांगलं होतं, पण सुनेशी बोलायचं काय हा तुम्हालाही प्रश्न असणार. तुम्ही निवृत्त होऊन घरी बसलेले. चादरींच्या कारखान्यांत नक्ष्या कॉम्प्युटरवर निघायला लागल्या होत्या आणि तुमचा पेन्सिलीचा डबा कपाटावर गेला होता. मी दिवसभर शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात मापांच्या याद्या करायचे, घरी आले की स्वयंपाक, आपल्या तेजूचा, माझ्या लेकीचा, अभ्यास. सकाळी पावणेसहा ते सव्वासात एवढा वेळ तेवढा माझा होता. त्यात मी मोबाइलवरचे गेम बनवायला शिकत होते. पाणी यायच्या दिवशी तोही वेळ गेला.

श्रीनिवास म्हणायचा, ऑफिसात कॉम्प्युटर आणि घरीही कॉम्प्युटर, तुला कंटाळा कसा येत नाही. आता त्याला काय सांगायचं. ऑफिसात मी दुसऱ्याच्या मुलांच्या कंबरेची मापं लिहीत होते. घरी मी म्हणेन तसं आभाळ व्हायचं. माझा पहिला गेम डब्यांना झाकणं जुळवायचा होता. सत्तावीस जणांनी घेतला, त्यातले निम्मे आमचे मंगळवेढ्याचे नातेवाईक. तरी मी आठवडाभर हवेत होते.

दुसरा गेम काढायचा तो ज्वारीच्या राखणीचा, हे माझं पक्कं होतं. लहानपणी रानातल्या उंच माळ्यावर उभं राहून मी गोफण फिरवलीय, डबा बडवलाय, ओरडून घसा बसवलाय. ते सगळं मला फोनमध्ये घालायचं होतं. अडचण एकच, मला चित्र येत नाही. एका सकाळी मी पाखरू काढत बसले होते आणि तुम्ही दूध तापवायला ठेवून माझ्या मागे येऊन उभे राहिलात.

"हे काय काढायलीस अम्मा? बटाटं हाय व्हय?"

मी म्हटलं, पाखरू आहे. तुम्ही बराच वेळ बघितलं. तुमच्यात मुलीला, सुनेला अम्मा म्हणतात हे मला तोवर माहीत झालं होतं, पण तुम्ही मला तसं म्हणालात ते त्या दिवशी पहिल्यांदा. मग मी चित्र मोठं करून दाखवलं, तशी त्यातली चौकोनी टिंबं दिसायला लागली. तुम्ही एकदम वाकलात. म्हणालात, हा तर ग्राफ आहे. चादरीची नक्षीपण अशीच, एक-एक चौकोन भरत काढतात. दूध उतू गेलं ते दोघांनाही कळलं नाही. अत्तम्मांना कळलं.

दुसऱ्या दिवशी कपाटावरचा डबा खाली आला. तेजूची गणिताची चौकटीची वही तुम्ही मागून घेतलीत. तुम्ही वहीत चौकोन भरायचे, मी ते मोजून कॉम्प्युटरवर उतरवायचे. आपला कारखाना सुरू झाला. लोकांच्या घरी सासरा पेपर वाचतो आणि सून पोळ्या लाटते. आपल्याकडे सासरा पाखराचं शेपूट रंगवायचा आणि सून त्याला उडायला शिकवायची. पोळ्या अत्तम्मा लाटायच्या, आणि ते त्या मला ऐकवायच्यासुद्धा.

तुम्हाला भोरड्या माहीतच नव्हत्या. थंडीत थव्यानं येणारी, काळ्या डोक्याची, गुलाबी अंगाची पाखरं, अख्खं रान बघता बघता साफ करणारी. शहरात कुठून दिसणार. म्हणून जानेवारीत आपण एसटीनं आमच्या मळ्यात गेलो. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, व्याही आले म्हणून हुरडा भाजला, शेंगाची चटणी वाटून ठेवली. तुम्ही मात्र बांधावर वही घेऊन बसलात ते उठेचनात. थवा उतरला की तुमची पेन्सिल चालायची. आणि व्याही चित्र काढतायत म्हटल्यावर आमच्या अण्णांना गोफण फिरवायचा संकोच वाटायला लागला. बिचारे गोफण हातात धरून तासभर नुसते उभे. शेताचा एक कोपरा तुमच्या कलेपायी गेला, असं ते अजून सगळ्यांना सांगतात. परवा तुमच्या दिवसांना आले होते तेव्हाही त्यांनी ते सांगितलं आणि मग उपरण्यानं डोळे पुसले.

त्या वहीतल्या भोरड्या मी महिनाभर उतरवत होते. तुम्ही एकदाही फोनमध्ये डोकावला नाहीत. तुमची रीतच तशी होती. नक्षी दिली की माग सुरू होईपर्यंत तिकडे बघायचं नाही. पहिली चादर उतरली की हात धुऊन जायचं आणि उभं राहून बघायचं. मला ते फार आवडलं होतं. मीही म्हटलं, सगळ्या पाखरांसकट गेम चालायला लागेल तेव्हाच दाखवीन.

आता खरं सांगते. पाखरं जाड आहेत हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. वहीतसुद्धा जाडच होती. भोरडी कसली, अंड्यावर बसलेली कोंबडी वाटत होती. पण चाळीस वर्षं नक्षी काढलेल्या माणसाला मी काय सांगणार? मला वाटलं ही तुमची पद्धत असेल, कलावंताला काहीतरी दिसत असेल. म्हणून मी गप्प बसले. सुनेनं सासऱ्याला मान दिला की काय होतं, त्याचा हा नमुना.

तो मार्चमधला रविवार. तुम्ही हात धुतलेत, पुसलेत, खुर्चीवर ताठ बसलात आणि मी फोन तुमच्या हातात दिला. थवा उतरला. तुमचा चेहरा मी बघत होते, तो हळूहळू उतरला. काय झालं ते माझ्या आधी तुम्हाला कळलं. चादरीत उभे धागे आडव्यांपेक्षा दाट असतात, म्हणून कागदावर चित्र रुंद काढायचं, विणलं की ते आपोआप अंग आवळून घेतं. तुमच्या हाताला ती सवय इतकी लागलेली की चौकटीच्या वहीतही तुम्ही मागाचाच हिशेब धरलात, आणि तुमच्या डोळ्यांनाही ते रुंद पाखरू सडपातळच दिसत होतं. फोन काही विणत नाही. त्यानं दिलं तसं दाखवलं.

तुम्ही विचारलंत, किती पाखरं अशी झालीत. मी म्हटलं, सगळी. तुम्ही फोन खाली ठेवलात आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झालात. जेवलासुद्धा नाहीत. मला कळेना, एवढं काय झालं. घरच्या घरी चाललेला उद्योग, ना कुणाला द्यायचंय, ना कुणी मागितलंय.

दुपारी श्रीनिवासनं फोन उचलला. माझ्या गेमला आजवर हात न लावलेला माणूस. पहिला थवा आला तसा तो जो हसायला लागला. ह्यांना उडता येतं तरी कसं म्हणाला, आणि खेळत बसला. तासभर खेळला. जाड भोरडी कणसावर बसली की ज्वारीचं अख्खं ताट वाकायचं, आणि ते बघायला तो मुद्दाम एखादीला बसू द्यायचा. त्याचं हसणं ऐकून तुम्ही उठून बाहेर आलात, दारात उभे राहिलात. श्रीनिवास न बघताच म्हणाला, नाना, ही पाखरं भारी काढलीत.

संध्याकाळी तुम्ही मला ती गोष्ट सांगितलीत. नवीन असताना तुमच्या एका चादरीवरच्या मोराच्या मानेत एक ओळ चुकली होती. अख्खा गठ्ठा परत आला. मालक रागावला नाही, त्यानं ती चादर ऑफिसच्या भिंतीवर लावली आणि वर्षभर काढली नाही. रोज हजेरीला तुम्हाला तिच्यासमोरून जावं लागायचं.

"तवापासून पहिली चादर बघायला जायचो ते नक्षी बघायला न्हाई, अम्मा. चूक हुडकायला जायचो. चाळीस वर्षं. एकपण चादर मी नुसती बघितली न्हाई."

तुम्हीच मग म्हणालात, पाखरं बदलू नकोस, राहू देत जाड. मला इतका आनंद झाला की विचारू नका, कारण बदलायची तर पुन्हा महिनाभर चौकोन मोजणं आलं.

पण त्या दिवसापासून तुम्ही माझ्या 'हरलात'च्या मागे लागलात. कणसं संपली की पडदा काळा व्हायचा आणि ती अक्षरं यायची. तुम्ही म्हणालात हे काढ. मी म्हटलं, हरायची भीती नसेल तर गोफण कोण फिरवेल? गेम म्हणजे काय मग? तुमचं म्हणणं, पाखरांनी खाल्लं तर खाल्लं, संध्याकाळ झाली की ती घरी जातील, सकाळी परत येतील, खेळणारा परत उभा राहील. मी म्हणायचे, असा गेम कुणी दुसऱ्यांदा उघडणार नाही. त्यावर तुम्ही माझ्या वडिलांनाच साक्षीला काढायचात. "तुझ्या अण्णांचं रान खाल्लं पाखरांनी, तवा कुणी येऊन हरलात म्हटलं का? कडबा ऱ्हायला की. कडब्यावर म्हैस जगली की." मी म्हणायचे, कडब्याचा गेम होत नाही, मामय्या.

भांडताना मजा यायची, हे मात्र कबूल. रोज सकाळी तुम्ही नवा मुद्दा घेऊन यायचात. फिरायला जाऊन आलात की समजायचं, वाटेत काहीतरी सुचलंय. ज्या घरात 'चहा ठेवू का'च्या पुढे आपलं बोलणं सरकत नव्हतं, तिथं अत्तम्मा आतून ओरडायच्या, दोघं आता गप्प बसा. माझ्या माहेरीही माझ्याशी इतकं कुणी भांडलं नाही. कुणी माझं म्हणणं इतकं मनावर घेतलंच नाही, असंही म्हणता येईल.

आणि मग तो शेवटचा रविवार. गणवेशांचा हंगाम तोंडावर, आदल्या दिवशी ऑफिसात दोन शाळांच्या मापांची अदलाबदल झालेली, डोकं आधीच फिरलेलं. तुम्ही पुन्हा तोच विषय काढलात. मी कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हटलं, "मामय्या, नक्षीचं तुम्ही बघा. खेळाचं मी बघते."

तुम्ही म्हणालात, "बरं, अम्मा." पेन्सिल डब्यात ठेवलीत, झाकण लावलंत आणि चप्पल घालून बाहेर पडलात. परत आल्यावर नेहमीसारखेच होतात. तेजूला वेणी घालून दिलीत, तिची वेणी नेहमीसारखीच वाकडी आली. मला वाटलं, उद्या बोलू. सोमवारी पाणी आलं, सकाळ भांडी भरण्यात गेली. मंगळवारी दुपारी जेवून तुम्ही पडलात ते उठला नाहीत. मी तेव्हा ऑफिसात, हातात मापांची यादी.

मला त्या 'बरं, अम्मा'चा त्रास झाला, मामय्या. तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं. रात्र रात्र रडले वगैरे असं काही नाही. घरात माणसं होती, कामं होती. पण भाकरी थापताना एकदम आठवायचं आणि हात थांबायचा.

तुमचे दिवस झाल्यावरच्या शुक्रवारी सकाळी मी ठरवलं, एकदा तुमच्या बाजूनं करून तरी बघू. 'हरलात' काढून टाकलं. संध्याकाळ झाली की पाखरं जातात, सकाळी पुन्हा येतात. शेत उभं, नसलंच काही तर कडबा उभा. खेळून बघितलं. चार मिनिटांत कंटाळा आला. मी म्हणत होते तेच झालं. तुम्ही समोर असतात तर मी फोन तुमच्या नाकासमोर धरला असता. तो कॉटवर टाकला आणि तव्याकडे गेले.

परत आले तर अत्तम्मा कॉटवर बसलेल्या, चष्मा लावून, फोन लांब धरून. त्यांनी आपल्या उद्योगाकडे कधी ढुंकूनही बघितलं नव्हतं. पडद्यावर भोरड्याच भोरड्या. एकेका कणसावर तीन-तीन. त्या एकही उडवत नव्हत्या. मला वाटलं त्यांना कळत नाहीये. मी शेजारी बसून दाखवलं, बोट असं ओढायचं, गोफण फिरते, पाखरं जातात.

त्यांनी माझा हात बाजूला केला.

"घालवायची कशाला? ह्यांनी काढलेली हायत. बसू दे की."

माझा नियम असता तर अर्ध्या मिनिटात पडदा काळा झाला असता, आणि तुमच्या बायकोला मी 'हरलात' म्हणून सांगितलं असतं. मी तिथंच बसून राहिले. संध्याकाळ झाली, थवा गेला. त्या थांबल्या. सकाळ झाली, थवा आला. त्या एकेका पाखरावर बोट नेत होत्या, त्याला न लावता, आणि हळू आवाजात तेलुगूत काहीतरी म्हणत होत्या. आठ वर्षं जेवणापुरतं कळणाऱ्या मला त्यातलं बरंचसं कळलं. ते इथं लिहीत नाही. ते तुमचं आहे. भाकरी करपली. या वेळी अत्तम्मांनाही कळलं नाही.

त्या रविवारी मी तुम्हाला जे म्हटलं ते चुकलं, मामय्या. तोंडावर म्हणायला हवं होतं, आता असं म्हणतेय. गेम म्हणून माझंच बरोबर आहे, त्यावर मी ठाम आहे, तुम्ही कितीही मुद्दे आणा. पण तो नियम मी काढला तो काढला, पुन्हा घालणार नाही. आज सकाळी गेम स्टोअरवर टाकला, नक्षीसमोर तुमचं नाव लिहिलं. कुणी घेतो न घेतो, बघू.

अत्तम्मा फोन घेऊन आत बसल्यात. श्रीनिवास दोनदा फोन मागून परत आला. शेत सगळं खाऊन झालंय, कडबा तेवढा उभा आहे, आणि भोरड्या अजून येतायत.